कसणाऱ्याचा वाटा

मुलांनो, दिवाळीच्या सुमारास कोकणातील एखाद्या गावी गेलात, तर खळ्याखळ्यांवर भाताच्या सोनेरी राशी पडलेल्या तुम्हांस दिसतील. एका बाजूस पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या असतात, दुसऱ्या बाजूस वारा देण्याचे काम चाललेले असते. ही रास पाहून मन प्रसन्न होते; परंतु ती कोणाची, हा प्रश्न आपल्या मनात सहसा उद्भवत नाही. ज्याने राब भाजला, भर पावसात चिखलणी केली, ज्याच्या घरच्या माणसांनी कंबर मोडेपर्यंत लावणी केली, त्याचीच ती असणार, असे आपण गृहीत धरतो. ते नेहमीच खरे असते असे नाही. जमीन एकाची आणि श्रम दुसऱ्याचे, असा प्रकार आपल्या देशात फार प्राचीन काळापासून चालत आला आहे. अशा वेळी त्या राशीचे वाटे पडतात. ते कसे पडतात, यावर कित्येक घरांतील चुलींचे पेटणे वा न पेटणे अवलंबून असते.

दुसऱ्याची जमीन कसावयास घेणाऱ्या शेतकऱ्यास 'कूळ' म्हणतात आणि जमिनीच्या वापराबद्दल तो मालकास जे देतो, त्यास 'खंड' म्हणतात. खंड देण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला प्रकार वाट्याचा. जे पिकेल त्याचा ठरलेला हिस्सा मालकास द्यावयाचा. बहुधा हा हिस्सा निम्मा असे, म्हणून त्यास अर्धेल असे नाव पडले. देशावर आणि विदर्भात यालाच बटाई असेही म्हणतात. दुसरा प्रकार मक्त्याचा. पीक येवो अथवा न येवो, ठरलेले धान्य किंवा ठरलेली रक्कम मालकास पोचविलीच पाहिजे. या दोहोंमधील भेद प्रथमदर्शनी लहान वाटतो, परंतु पावसाने दगा दिला की तो किती मोठा आहे, हे कळून येते. वाट्याच्या व्यवहारात वाईट वर्षाचा भार मालक व कूळ या दोघांवर पडतो. मक्त्यात तो सगळाच्या सगळा कुळाच्या डोक्यावर येतो.

हे नीट समजण्यासाठी आपण थोडे गणित करू. समजा, एका कुळाच्या घरी नवरा, बायको आणि दोन मुले अशी चार माणसे आहेत. त्यांस खाण्यासाठी दरमहा २ मण, म्हणजे वर्षाला २४ मण भात लागते. त्यांच्या शेतात ६० मण, म्हणजे ३ खंडी भात पिकते. अर्धेलीप्रमाणे ३० मण मालकाच्या कोठारात गेले. उरलेल्या ३० मणांतून पुढच्या वर्षाच्या बियाण्यासाठी ३ मण बाजूला काढले. राहिले २७ मण. घरचा खर्च २४ मणांचा; तेव्हा ३ मण शिल्लक राहून मीठ, तेल व कापड यांची थोडीफार सोय व्हावी, असे तुम्ही म्हणाल.

परंतु मागे केव्हातरी एक वर्ष वाईट गेलेले असते. त्या वर्षी पोटासाठी त्या कुळाने मालकाकडूनच ६ मण भात उसने आणले. ते दिढीने फेडावयाचे, म्हणजे एका मणाबद्दल दीड मण परत करावयाचे, असा रिवाज. म्हणून खळ्यावरच आणखी ९ मण मालकाकडे गेले. आता हाती राहिले १८ मण. कार्तिकापासून खाण्यास आरंभ केला, तर ते आषाढाअखेर संपतात. श्रावण, भाद्रपद आणि आश्विन या तीन महिन्यांसाठी पुन्हा ६ मण उसने आणणे भाग पडते, आणि पुढील कार्तिकात पुन्हा ९ मण परत करावे लागतात. पीक दरवर्षी चांगले येते, घरातील कोणी आळशी नाही, उधळपट्टीही नाही. तरी ते ६ मणांचे ऋण वर्षानुवर्षे तसेच राहते. ज्या ३ मणांतून त्या घराला वर येता आले असते, ते ३ मण प्रतिवर्षी व्याजाच्या रूपाने निघून जातात. वाडवडिलांचे कर्ज नातवाच्या माथी कसे येते, याचे मर्म या लहानशा हिशेबात आहे.

त्यातच जर एखाद्या वर्षी पीक निम्मे, म्हणजे ३० मणच आले, तर काय होईल? अर्धेलीत कुळाकडे १५ मण तरी राहतील. पण ३० मणांचा मक्ता ठरलेला असेल, तर खळ्यावरून त्याला रिकाम्या हातानेच घरी जावे लागेल. दोन्ही प्रकारांत कर्ज वाढणारच. केवळ किती वाढणार एवढाच प्रश्न.

खंडाचा परिणाम केवळ घरच्या धान्यावरच होतो असे नाही, तो जमिनीवरही होतो. पुढच्या वर्षी हे शेत आपल्याकडे राहील की नाही, याची ज्याला शाश्वती नाही, तो बांधावर आंब्याचे कलम कशासाठी लावील? गाडीभर शेणखत घालून पीक वाढविले, तर त्या वाढीतील निम्मा भाग दुसऱ्याचा. खर्च मात्र सर्वस्वी आपला. अशा स्थितीत माणूस जमिनीकडून जेवढे घेता येईल तेवढे घेतो, आणि तिला देण्याच्या बाबतीत हात आखडतो. त्यामुळे जमीन निकस होते. त्यात कुळाचे नुकसान होते, मालकाचे होते आणि देशाचेही होते.

कोकणात या व्यवहारास आणखी एक काच होता. रत्नागिरी व कुलाबा या जिल्ह्यांत अनेक गावांचा सारा गोळा करून तो सरकारात भरण्याचे काम 'खोत' नावाच्या वतनदारांकडे असे. सरकारचा सारा आणि स्वतःचा खंड या दोहोंची वसुली एकाच हाती आल्यामुळे खोताची सत्ता गावावर फार मोठी होती. खंडाशिवाय कुळांकडून निरनिराळ्या बाबी उकळल्या जात, आणि मोबदला न देता वेठीने कामेही करून घेतली जात. मालक कुळाकडून कबुलायत लिहून घेई. परंतु दिलेल्या खंडाची पावती मात्र कुळाला मिळेलच, असा नेम नव्हता. पावती नसली म्हणजे दिलेले भातही न दिल्यासारखे होई. बहुतेक कुळांना लिहिता-वाचता येत नसे. कागदावर काय लिहिले आहे हे न समजताच ती आपला अंगठा उठवीत.

हा अन्याय निमूटपणे सोसावयाचा नाही, असा निर्धार कुलाबा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी केला. अलिबाग तालुक्यात, खाडीकाठच्या खारेपाटात चरी नावाचे एक गाव आहे. खाऱ्या पाण्याला बांध घालून तयार केलेली या भागातील शेते कुळांच्या श्रमांवरच उभी होती. भरतीच्या पाण्याने बांधाला भगदाड पडले, तर ते बुजविण्यासाठी रात्री-अपरात्री धावत जावे लागे. नाही तर खारे पाणी शेतात शिरून कित्येक वर्षे तेथे पीक येत नसे. एवढे करून राशीचा मोठा भाग दुसऱ्याच्या घरी जाई. नारायण नागू पाटील या कार्यकर्त्याने या शेतकऱ्यांना संघटित केले. ऑक्टोबर १९३३ मध्ये चरी येथे सभा भरली आणि शेतकऱ्यांनी संप पुकारला. गिरणीतील कामगारांचा संप आपण ऐकलेला असतो; पण शेतकऱ्यांचा संप म्हणजे काय? योग्य अटी मान्य होईपर्यंत मालकाचे शेत नांगरावयाचे नाही, असा तो संप होता.

विचार करा, मुलांनो, की हा निश्चय किती कठीण होता! कामगार काम थांबवितो तेव्हा त्याची मजुरी बुडते; येथे शेतकऱ्याने नांगर थांबविला की त्याच्या घरातले अन्नच थांबत होते. चरी आणि आसपासची मिळून २५ गावे या संपात सामील झाली. शेते पडीक राहिली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भात पिकविले, त्यांनी रानातील लाकूडफाटा विकून आणि मिळेल ती मोलमजुरी करून दिवस काढले. हा संप एक-दोन हंगाम नव्हे, तर सुमारे सहा वर्षे, म्हणजे १९३९ पर्यंत चालला. या दीर्घ काळात गावांची एकी टिकली, हीच या लढ्याची खरी थोरवी होय.

त्यांच्या गाऱ्हाण्यांना विधिमंडळातही वाचा फुटली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबईच्या विधानसभेत खोती पद्धत नष्ट करण्याविषयीचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकरी मुंबईस आले आणि त्यांनी विधिमंडळावर मोर्चा नेला. ते विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. तथापि कुळांचा प्रश्न आता दडपून टाकण्याजोगा राहिला नव्हता. १९३९ साली मुंबई सरकारने कुळांविषयीचा कायदा केला आणि ठरावीक वर्षे सलग जमीन कसणाऱ्या कुळास 'संरक्षित कूळ' हे स्थान मिळाले. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती पद्धतही रद्द झाली.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबई राज्यात 'कुळवहिवाट व शेतजमीन कायदा' झाला. लोक त्याला थोडक्यात कूळ कायदा म्हणतात. या कायद्याने खंडाला मर्यादा घातली. बागायत जमिनीचा खंड पिकाच्या एक चतुर्थांशाहून अधिक नसावा आणि इतर जमिनीचा एक तृतीयांशाहून अधिक नसावा, असे ठरले. पुढे ही मर्यादा आणखी खाली आली. खंडाखेरीज अन्य बाबी घेण्यास बंदी झाली, आणि खंड घेतल्याची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक झाले.

आपण मघाचे गणित या नव्या मर्यादेने पुन्हा करून पाहू. पीक तेच, ६० मणांचे. एक तृतीयांश, म्हणजे २० मण मालकास दिले. उरले ४० मण. त्यांतून बियाण्याचे ३ मण आणि जुन्या कर्जाचे ९ मण वजा केले, तरी २८ मण राहतात. घरचा वर्षाचा खर्च भागून ४ मण शिल्लक राहिले आणि श्रावणात कोणाच्या दारी जाण्याचे कारण उरले नाही. पुढच्या वर्षी कर्ज नाही. त्यामुळे शिल्लक १३ मण. त्या १३ मणांतून एखादा बैल घेता येईल, घर शाकारता येईल किंवा मुलाला शाळेत पाठविता येईल. जमीन तीच, पाऊस तोच, श्रमही तेच. बदलला तो केवळ वाटा. पण त्याबरोबर त्या घराचे भवितव्य बदलले.

यानंतर आणखी मोठे पाऊल पडले. १९५६ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवसापासून जो जमीन कसत होता, त्याने ती मालकाकडून विकत घेतली आहे, असे कायद्याने मानले. मालकास जमीन फुकट गमवावी लागली नाही; सामान्य कुळाने द्यावयाची किंमत सारा-आकाराच्या २० पटींहून कमी नाही व २०० पटींहून जास्त नाही, अशा बेताने न्यायाधिकरणाने ठरवावयाची होती, आणि ती हप्त्यांनी फेडण्याची सवलत होती. विधवा, अज्ञान मुले, अपंग आणि सैन्यात असलेले मालक यांच्या बाबतीत हा दिवस पुढे ढकलण्यात आला. कारण स्वतः शेत कसणे ज्यांना शक्य नाही, अशांचा निर्वाहही त्याच जमिनीवर चाललेला असतो. मराठवाड्यात १९५० चा हैदराबादचा कायदा आणि विदर्भात १९५८ चा कायदा लागू होता. गोवा मुक्त झाल्यावर तेथेही १९६४ साली कूळ कायदा झाला.

मात्र कायदा झाला म्हणजे सर्व काही आपोआप साधले, असे समजू नये. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि त्यांचे सहकारी खुदानपूर यांनी गावोगावच्या नोंदी तपासून या कायद्याच्या अंमलबजावणीचा अभ्यास केला. तो १९५७ साली प्रसिद्ध झाला. अनेक कुळांनी आपली जमीन 'स्वखुशीने' सोडून दिल्याच्या नोंदी त्यांना आढळल्या. ज्या जमिनीवर पोट अवलंबून आहे, ती इतक्या जणांनी आनंदाने सोडली असेल काय? कोणाला धाक होता, कोणाला भीड होती, कोणाला हक्काची माहितीच नव्हती. ज्यांची नावे दप्तरात नोंदलेली होती आणि ज्यांनी पावत्या जपून ठेवल्या होत्या, त्यांचे हक्क सिद्ध होण्यास आधार मिळाला. ज्यांचा सर्व व्यवहार तोंडी होता, त्यांच्यापैकी कित्येकांच्या हातून शेत गेले. कागदाचा एक कपटाही घर तारू शकतो, हा धडा तेव्हापासून शेतकऱ्यांच्या मनावर ठसला.

तेव्हापासून पुष्कळ वर्षे लोटली. आजही जमीन खंडाने देण्या-घेण्याचा व्यवहार चालूच आहे. शहरात नोकरीस गेलेला मनुष्य आपले शेत गावातील कोणास तरी कसावयास देतो. ज्याच्या घरी काम करणारे हात पुष्कळ आणि जमीन थोडी, असा शेतकरी ते घेतो. यात वाईट असे काही नाही. शेत पडीक राहण्यापेक्षा ते पिकलेले बरे, आणि दोन्ही घरांना त्यातून लाभ होतो. अडचण निराळीच आहे. एकदा कागद केला तर कूळ जमिनीवर हक्क सांगेल, अशी भीती मालकास वाटते. म्हणून तो तोंडी बोलीवरच शेत देतो आणि एक-दोन वर्षांनी कसणारा बदलतो. जो कायदा कसणाऱ्याच्या रक्षणासाठी झाला, त्याच्याच धास्तीने आजचा कसणारा अनेकदा कागदाबाहेर राहतो.

कागदाबाहेर राहण्याची किंमत त्यास मोजावी लागते. सातबाऱ्यावर नाव मालकाचे असते. त्यामुळे पीककर्जासाठी बँकेत गेल्यास त्याला अडचण येते, आणि तो अधिक व्याजाने खासगी कर्ज काढतो. पीकविम्यासाठी कराराचा लेखी पुरावा हवा असतो. गारपीट झाली, तर नुकसानभरपाई नोंदीप्रमाणे मिळते. पिकात पैसा घालणारा एक आणि भरपाई घेणारा दुसरा, असे घडू शकते. केंद्र सरकार २०१९ पासून शेतकरी कुटुंबांस वर्षाला ६,००० रुपयांचे साहाय्य देते. परंतु तेही ज्याच्या नावावर जमीन आहे त्यालाच मिळते. यावर उपाय सुचविण्यासाठी नीती आयोगाने नेमलेल्या, टी. हक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ साली एका आदर्श कायद्याचा मसुदा तयार केला. मालकाची मालकी निर्धास्त राहावी आणि मुदतीपर्यंत कसणाऱ्याला कर्ज, विमा व भरपाई मिळावी, असा त्याचा आशय आहे. असा कायदा करावयाचा की नाही, हे ठरविणे राज्यांकडे असते.

आतापर्यंतच्या विवेचनावरून खंडाचा चांगला व्यवहार कोणता, हे तुमच्या ध्यानात आले असेल. ज्यात बोली स्पष्ट व लेखी असते, ज्यात दिल्या-घेतल्याची पावती मिळते, ज्यात वाईट वर्षाचा भार एकट्यावर पडत नाही, आणि ज्यात जमीन सुधारणाऱ्यास आपल्या श्रमाचे फळ चाखण्याइतकी मुदत मिळते, तो व्यवहार चांगला. अशा व्यवहाराने मालकाचे हित साधते, कसणाऱ्याचे घर उभे राहते आणि काळी आईही प्रसन्न राहते. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल, तरी कोठेतरी एखाद्या घरात श्रावणाच्या तोंडी धान्याची कणगी रिकामी होते.

तुमच्यापैकी कोणी उद्या शेतकरी होईल, कोणी तलाठी होईल, कोणी बँकेत काम करील, तर कोणी वडिलार्जित जमिनीचा मालक होईल. प्रत्येकाच्या हाती या व्यवहाराचे एकेक टोक येणार आहे. तेव्हा खळ्यावरच्या राशीचे माप घेताना ती किती मोठी आहे, एवढेच पाहू नका. ती पिकविणाऱ्याच्या घरी तिच्यातले किती पोचते, हेही पाहा.

अभ्यास

१. कूळ, खंड, अर्धेल व मक्ता या शब्दांचे अर्थ आपल्या शब्दांत सांगा.

२. वाईट वर्षी अर्धेलीपेक्षा मक्ता कुळास अधिक जड का जातो?

३. एका कुळाच्या शेतात ४८ मण भात पिकले. त्याला बियाण्यासाठी ३ मण बाजूला ठेवावयाचे आहे. खंड निम्मा असल्यास खाण्यासाठी किती भात उरेल? खंड एक तृतीयांश असल्यास किती उरेल?

४. चरीच्या शेतकऱ्यांचा संप हा गिरणी-कामगारांच्या संपापेक्षा अधिक कठीण का होता?

५. १ एप्रिल १९५७ या दिवसाचे महत्त्व चार-पाच वाक्यांत लिहा.

६. 'कागदाचा एक कपटाही घर तारू शकतो,' असे लेखकाने का म्हटले आहे?

७. आपल्या गावातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून, पूर्वी तेथे जमीन खंडाने देण्याच्या कोणत्या रीती होत्या व आज कोणत्या आहेत, याची माहिती मिळवा आणि वर्गात सांगा.